वाटीतला एक चिंचोका

"मॅडमच्या वाटीवर डोळे झाकून इस्वास ठेव. पोरी पळून पळून भंजाळलेल्या ऱ्हातात. त्या म्हणतील ते ऐकायचं न्हाई."

पाण्याच्या पिंपापलीकडे तांबोळी चाचा एका नव्या स्वयंसेवकाला काम समजावत होते. मी पिंपाच्या अलीकडे, हातात पेला घेऊन उभी होते. ती मॅडम म्हणजे मीच, आणि मी तिथे आहे हे त्यांना दिसत नव्हतं.

"एक डाव एक पोरगी लई अडून बसली व्हती," चाचा सांगत होते. "म्हणे, मॅडमनीच मला शेवटचा राउंड सांगितला. सरांनी वाटी मोजली. वाटी बराबर निघाली."

"मग पोरगी खोटं बोलत व्हती?"

"खोटं न्हाई बे. गोंधळली आसंल. पर वाटी खरी."

मी पेला तसाच पालथा घातला आणि ट्रॅककडे निघाले. अर्ध्यातच थांबले, मग पुन्हा चालू लागले. कुणी विचारलं असतं तर ऊन लागलंय म्हणून सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. माझ्या गप्प राहण्याची सगळ्यांना सवय आहे.

त्या सकाळपर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही, सरांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — हाही भित्रेपणाच, मला ठाऊक आहे. पण सगळं सलग कधीतरी सांगायला हवं ना?

आधी वाटीचं सांगते. नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या जिल्ह्यात मैदानी स्पर्धा होतात त्या कुणाच्या पगारावर होत नाहीत. कदम सर म्हणजे निवृत्त पीटी शिक्षक, तेच जिल्ह्याचे सेक्रेटरी आणि तेच फक्कीने रेषा मारणारे. तांबोळी चाचा बीडमध्ये शिवणकाम करतात. शर्यत सोडायला पिस्तूल नाही म्हणून बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या त्यांनी करून घेतल्या आहेत, त्या ते डोक्यावर धरून आपटतात. बाकी गावोगावचे क्लब, म्हणजे एखादा शिक्षक, पाच-सात पोरं आणि एक शिट्टी. लांबच्या शर्यतीत फेऱ्या मोजायला यंत्र नसतं. म्हणून सरांनी चिंचोके काढले. जितक्या फेऱ्या तितके चिंचोके मोजणाऱ्याच्या हातात. समोर स्टीलची वाटी. आपली मुलगी रेषेवरून गेली की एक चिंचोका वाटीत. हातात एकच उरला की तिला ओरडून सांगायचं — शेवटचा. कागदावर खुणा करताना वाऱ्याने कागद उडतो, चिंचोका उडत नाही, असं सरांचं म्हणणं.

मी यात आले ती इंग्रजीमुळे. बीडच्या इंग्लिश मीडियम शाळेत शिकलेली, धावता न येणारी, चारचौघांत तोंड न उघडणारी मुलगी. पण नियमांचं पुस्तक इंग्रजीत येतं आणि सरांना कुणीतरी ते वाचून सांगणारं हवं होतं. पप्पा तेव्हा दूध संघाचे चेअरमन होते. संघ स्पर्धेला चषक द्यायचा, मुलींना लाल बनियन द्यायचा. पप्पांनीच एकदा मला सरांच्या पुढे उभं केलं. "हिला माणसांत वावरायला शिकवा जरा," म्हणाले.

चाचा माझी फिरकी घ्यायचे. "बेटा, एकोणऐंशी म्हंजे सेवंटी नाइन का एटी नाइन?" मी विचारात पडले की सगळे हसायचे. मीही हसायचे. ते हसणं वाईट नव्हतं. त्या मैदानावर मी पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगाची होते. सर सगळ्यांना सांगायचे, "आमचं पुस्तक चालतं-बोलतं हाय." लाजरी मुलगी अशा एखाद्या वाक्यावर वर्षभर जगू शकते. मी जगत होते.

आणि काजल.

काजल नेकनूरच्या पुढच्या एका वस्तीवरची. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. ती आजीजवळ राहून शाळा करायची. सगळ्या क्लबांचे मिळून काटेरी बूट माझ्या ताब्यात असत, दोनच जोड, आळीपाळीने वापरायचे. काजलच्या पायाला एक जोड बरोबर बसायचा. बूट घालता घालता ती मला काहीबाही विचारायची. "ताई, 'ऑन युवर मार्क' म्हंजे काय ओ?" मी म्हटलं, आपापल्या जागेवर या. ती म्हणाली, "मग तसंच म्हणावं की सरळ. उगं भ्या दाखवत्यात." तिच्याशी बोलताना मला शब्द शोधावे लागत नसत. असं फार कमी माणसांशी होतं माझं.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. पोळा कोरडाच गेला. ऊस नाही म्हणून तालुक्यातला साखर कारखाना बंद, आणि कारखान्याच्या मैदानावर अर्ध्या भागात जनावरांची छावणी. ती दूध संघच चालवत होता. उरलेल्या अर्ध्या भागात आमची जिल्हा स्पर्धा. चारशे मीटरच्या ट्रॅकला जागा पुरेना, म्हणून सरांनी दोनशेचा आखला. तीन हजार मीटर म्हणजे एरवी साडेसात फेऱ्या. तिथे पंधरा झाल्या. जमिनीवर मारायला पाणी नव्हतं. मुली पळाल्या की धूळ उठायची आणि बराच वेळ खाली बसायची नाही.

तीन हजारात पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला जाणार होत्या. राज्य स्पर्धेला गेलेल्या मुलीला खेळाडूंच्या वसतिगृहात जागा मिळावी म्हणून सर खटपट करायचे, आणि बहुतेक वेळा ती मिळायची. काजलची आजी त्या उन्हाळ्यात वारली होती. शर्यतीआधी बुटाची नाडी बांधताना काजलने मला सांगितलं, अगदी सहज, "आई म्हणली, निवड झाली तर ऱ्हा. न्हाईतर यंदा संगंच यावं लागंल. मागं कुनापाशी ठेवावं?"

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. मला नंतर कळलं असं झालेलं नाही.

माझ्याकडे एकटी काजल होती. एकाच मुलीच्या फेऱ्या. याहून सोपं काम त्या मैदानावर दुसरं नव्हतं.

बीडची एक मुलगी पहिल्यापासून पुढे निघाली, इतकी पुढे की शेवटी शेवटी तिने सगळ्यांना एकेक फेरी मागे टाकलं. तिच्या मागे, दुसरी, काजल. तिसरी मुलगी काजलच्या अर्धी फेरी मागे. मी रेषेजवळ मांडी घालून बसले होते, वाटी पुढे. काजल जायची, मी चिंचोका टाकायचे. टक्. मला तो आवाज आवडायचा.

शर्यत अर्धी झाली असेल तेव्हा छावणीत टँकर आला. लोक कळश्या, डबे घेऊन पळत सुटले, काही जण सरळ ट्रॅक ओलांडून गेले. सर ओरडत होते. धुळीत लाल बनियन येताना दिसलं, गेलं. आणि मग मला आठवेना — मी चिंचोका टाकला का? हात तर हलला होता. की हलला नव्हता? हातातले मोजावेत तर काजल पुन्हा येण्याच्या बेतात. मी एक टाकला. राहिला असेल तर राहायला नको म्हणून.

राहिला नव्हता. तो जास्तीचा होता.

इथपर्यंतची चूक कुणाचीही होऊ शकते, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला हेच म्हणत आले. म्हणूनच पुढचं सांगायला हवं.

बीडच्या मुलीसाठी शेवटच्या फेरीची घंटा वाजली. काजल तिच्या मागोमागच रेषेवर आली. माझ्या हातात एकच चिंचोका होता. मी ओरडले, "काजल, शेवटचा." तिने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, तिच्या कपाळाला आठी पडली, जणू काही विचारायचंय. मग तिने मान खाली घातली आणि अंगात होतं नव्हतं ते सगळं काढून पळाली. एवढं सुंदर पळताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिने रेषा ओलांडली, मी हातातला चिंचोका वाटीत टाकला, आणि ती माझ्यापासून दोन हातांवर, गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. तेवढ्यात तिसऱ्या मुलीचे सर ओरडले, "ती कशी थांबली? एक बाकी हाय तिची."

मी वाटीकडे पाहिलं. आणि मला टँकर आठवला. कळश्या आठवल्या. हात आठवला.

त्या वेळी तिसरी मुलगी ट्रॅकच्या पलीकडच्या बाजूला होती. अर्धी फेरी लांब. काजल माझ्या इतकी जवळ होती की तिचा श्वास ऐकू येत होता. मला एकच शब्द बोलायचा होता. पळ. माझं चुकलं, पळ. ती पळाली असती. तिसऱ्या मुलीच्या पुढेच राहिली असती. मी तोंड उघडलंही होतं, असं मला आठवतं. पण मंडपात पप्पा बसले होते, त्यांच्या शेजारी संघाचे संचालक. आणि सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली होती. माझ्याकडे इतकी माणसं कधीच बघत नसत. मी तोंड मिटलं. तिसरी मुलगी आमच्या समोरून धुळीतून निघून गेली.

मग मी जे केलं ते कुणी करायला लावलं नव्हतं. सर मंडपाकडून येत होते. मी वाटी जवळ ओढली, जणू धूळ झटकतेय, आणि एक चिंचोका काढून मुठीत घेतला.

"बेटा, तू हिला शेवटचा म्हणलीस?" सरांनी विचारलं.

"नाही सर. ती आपणहून थांबली."

माझा आवाज स्थिर होता. मलाच नवल वाटलं.

"ताई म्हणल्या की," काजल म्हणाली. "ताई, तुमी म्हणल्या ना?"

सरांनी वाटी मोजली. चौदा. मी मूठ उघडली आणि पंधरावा दाखवला. "हा माझ्या हातातच आहे, सर." मूठ कशी उघडली, किती सावकाश, हे मला अजून दिसतं. एवढं नाटक मला येतं हे मला माहीत नव्हतं.

काजलच्या क्लबचे शिक्षक विनवत होते, पोरगी ताजी आहे, परत पळवा. सर विचारात पडले. मला म्हणाले, "पुस्तकात काय म्हणलंय?" पुस्तकात पंचांच्या अधिकारांविषयी एक कलम आहे. न्यायाला धरून वाटलं तर पंच शर्यत रद्द ठरवून पुन्हा घेऊ शकतात. मला ते पाठ होतं. मीच ते सरांना कधीतरी मराठीत सांगितलं होतं, ते विसरले होते. मी दुसरं पान काढलं. अंतर पूर्ण केलं नाही तर निकालात नाव नाही, एवढंच वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. सगळे शांतपणे ऐकत होते. इंग्रजीत वाचलेल्यावर तिथे कोण वाद घालणार होतं?

सरांनी काजलच्या डोक्यावर हात ठेवला. "पुढल्या वर्षी, बाळ."

ती रडली नाही. चाचांनी तिला पाणी दिलं, तिने थोडं पिऊन पेला परत केला. मग कडेला बसून बूट सोडले. ओढणीच्या टोकाने त्यांच्यावरची धूळ पुसली, काट्यांमध्ये अडकलेली मातीसुद्धा काडीने काढली, आणि दोन्ही बूट माझ्यासमोर जोडून ठेवले. "ताई, हे घ्या." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं का? कोण जाणे. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू तिला स्वतःबद्दल काहीतरी नवीन कळलंय आणि ते चांगलं नाही.

दसऱ्यानंतर ती आईवडिलांबरोबर गेली. पुढच्या वर्षी सरांनी निरोप पाठवला तेव्हा तिचं लग्न ठरलं होतं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या पोराला काम मिळत नाही. काजल अर्धा कोयता झाली. सर हळहळले. "हलक्या पायाची पोरगी व्हती," म्हणाले. 

मी काय केलं? मी जास्त मन लावून काम करू लागले. फेऱ्या मोजायला बसले की मान वर करेना. त्यानंतर माझी मोजणी चुकली नाही, एकदाही नाही. हळूहळू ती गोष्ट आमच्याकडे नव्या स्वयंसेवकांना शिकवण्याची गोष्ट झाली. सर सांगायचे, चाचा सांगायचे. मी शेजारी उभी असायचे. त्यानंतर जिल्ह्यात किती मुली म्हणाल्या असतील, सर, आमचा राउंड चुकला, आणि त्यांना वाटी दाखवली गेली असेल? त्यातल्या काही खऱ्या असतील. मला ते कधीच कळणार नाही.

काही वर्षांनी पिंपामागचं चाचांचं बोलणं ऐकलं तेव्हा ऊसतोडीचा हंगाम तोंडावर होता. मी ठरवलं, काजलला भेटायचं. चौकशी केली तर कळलं, टोळी गेली, आता उन्हाळ्यात परत येईल. मला बरं वाटलं. हेही सांगते — बरं वाटलं. सहा-सात महिने मिळाले.

ते संपले. वैशाखात मी नेकनूरपर्यंत एसटीने आणि पुढे एका दुधाच्या टेम्पोत बसून तिच्या सासरी गेले. पत्र्याचं घर, पुढे कडुनिंब. काजल पाणी भरून येत होती. तिने मला लगेच ओळखलं. कळशी उतरवली आणि हसली.

"अगं बया. ताई, तुमी? बसा की. किती वाळल्या ओ."

तिचा नवरा बाजेवर बसला होता. "ह्या कोन?" त्याने विचारलं.

"ह्या शर्यतीच्या ताई. मी सांगते न्हाई का, मी येडी एक चक्कर आधीच थांबले व्हते. त्या मैदानावरच्या."

"हां," तो हसला. "हिला मोजता येत न्हाई, मॅडम. मोळ्या दोन दोन डाव मोजती. मुकादम म्हणतो, तुझी बायकू बँकेत पायजे व्हती."

"मोजावं लागतंय," काजल म्हणाली. तिने चहाचं आधण ठेवलं आणि चुलीशी बसूनच बोलू लागली, माझ्याकडे न बघता. "काय ओ ताई, मला त्या दिवशी आतून वाटत व्हतं का अजून दोन हायेत. पर कानात आलं, शेवटचा. कुठून आलं काय म्हाईत. उन्हानं झालं आसंल. तवापासून माझा माझ्यावरच इस्वास न्हाई बगा. मीठ टाकलं का न्हाई, दार लावलं का न्हाई, परत जाऊन बघते. सासू चिडती."

तिची लहान मुलगी माझ्या पर्सच्या चेनशी खेळत होती. काजलने मला चहा दिला. बशीत बिस्किटं ठेवली होती, ती कुणीतरी पळत जाऊन आणली असणार. मी कप खाली ठेवला. वाटेत टेम्पोत मी जी वाक्यं जुळवली होती — पप्पांचं, माझ्या लाजाळूपणाचं, टँकरचं — त्यातलं एकही तिच्यासमोर ठेवण्यासारखं नव्हतं.

आधी मी फार हळू बोलले. नवरा मोबाईलमधून वर बघत म्हणाला, "आँ?" मग मी पुन्हा, त्यालाही ऐकू जाईल असं म्हणाले.

"काजल, शेवटचा असं मीच म्हणाले होते. तू बरोबर ऐकलंस आणि बरोबर मोजलंस. चुकले मी, आणि सगळ्यांसमोर खोटं बोलले तेही मीच."